विजेचा टेम्पो घरास परवडेल काय?

मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंतच्या किनाऱ्यावर ज्यांचीं घरें व वाड्या आहेत, त्यांच्या घरांत सध्यां एक प्रश्न वारंवार निघूं लागला आहे. जुनी पिकअप थकली. आतां नवी घ्यावयाची ती पुन्हां तेलावर चालणारी घ्यावी कीं विजेवरची? मुंबईस नोकरीनिमित्त असलेला पुतण्या विजेचा पक्ष घेतो, वाडीचा व्यवहार पाहणारे काका मान हलवितात, आणि दोघांचेंही म्हणणें ऐकून घरची मंडळी अधिकच बुचकळ्यांत पडतात. बहुतेक घरीं हा वाद आवडीनिवडीच्या पातळीवर चालतो. वस्तुतः तो हिशेबाचा प्रश्न आहे, आणि तो हिशेबानेंच सोडवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

हिशेब चुकला तर नुकसान कोणाचें, हेंही प्रथमच सांगितलें पाहिजे. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' वादळ या किनाऱ्यावर आदळलें आणि अलिबाग, मुरूड, म्हसळें व श्रीवर्धन या तालुक्यांतील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून चांगलें पीक हातीं येण्यास सहा-सात वर्षें जावीं लागतात. म्हणजे पुष्कळ घरांचें उत्पन्न आतां कोठें पूर्वपदावर येऊं लागलें आहे. अशा घरानें सहा-सात लाखांची गाडी कर्ज काढून घ्यावयाची, तर ती गाडी वाडीला पोसणारी निघावी. वाडीनें गाडीला पोसण्याची पाळी येऊं नये.

वाहनाची पूर्वपीठिका

अष्टागराचा माल पूर्वीं गलबतांनीं व मचव्यांनीं मुंबईच्या धक्क्यास लागे. पुढें रस्ते झाले आणि मालमोटारी आल्या. १९५८ सालीं 'टेम्पो' या नांवाच्या जर्मन कारखान्याच्या सहकार्यानें फिरोदियांनीं 'बजाज टेम्पो' ही कंपनी काढली. तिच्या तीनचाकी गाडीचें नांव इतकें रूढ झालें कीं आज कोणत्याही लहान मालगाडीस आपण टेम्पोच म्हणतों. २००५ सालीं टाटांची 'एस' निघाली व लोकांनीं तिला 'छोटा हत्ती' ही पदवी देऊन टाकली. इंधन बदलण्याचा प्रसंगही आपणांस अगदींच नवा नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलची टंचाई पडली तेव्हां पाठीशीं कोळशाची भट्टी बांधलेल्या मोटारी आपल्या रस्त्यांवर धावल्या होत्या. युद्ध संपलें, पेट्रोल मिळूं लागलें, आणि त्या भट्ट्या भंगारांत गेल्या. विजेच्या गाडीचें तसें होईल काय? इंग्लंडचा अनुभव निराळें सांगतो. तेथें घरोघर दुधाच्या बाटल्या पोंचविणाऱ्या विजेच्या गाड्या कित्येक दशकें चालल्या, व त्या कोणाच्या हौसेखातर चालल्या नाहींत. त्यांचें काम ठराविक होतें, अंतर थोडें होतें, आणि रात्रीं त्या एकाच जागीं उभ्या राहत. विजेची मालगाडी कोठें शोभते याचें उत्तर या तीन गोष्टींतच सांपडतें.

गाडी काय देऊं करते

आपल्याकडे टाटांनीं मे २०२२ मध्यें 'एस ईव्ही' पुढें आणली. तिची बॅटरी २१.३ युनिटांची, प्रमाणित पल्ला १५४ किलोमीटरांचा व वाहण्याची शक्ति ६०० किलोंची होती. एक टन वाहणारी आवृत्ति २०२४ सालीं निघाली. महिंद्रांची 'झिओ' ऑक्टोबर २०२४ मध्यें ७.५२ लाखांपासून पुढें विक्रीस आली. जून २०२५ मध्यें टाटांनीं 'एस प्रो' काढली. तिची पेट्रोलवरची आवृत्ति ३.९९ लाखांस व विजेवरची ६.५० लाखांस जाहीर झाली. विजेच्या 'एस प्रो'त १४.४ युनिटांची बॅटरी असून तिचा प्रमाणित पल्ला १५५ किलोमीटर व भार ७५० किलो सांगितला आहे. एकाच सांगाड्याच्या दोन गाड्या एकाच दिवशीं निघाल्यामुळें तुलनेस ही जोडी सोयीची आहे, म्हणून पुढील हिशेबास आम्हीं तीच घेतली आहे.

'प्रमाणित पल्ला' या शब्दास मात्र भुलूं नये. तो ठराविक चांचणींत, ठराविक वेगानें मोजलेला असतो. पूर्ण भार, चढ, खड्डे आणि पुनःपुन्हां थांबणें यांनीं तो कमी होतो. शहाण्या माणसानें सांगितलेल्या अंकाचा दोन-तृतीयांश हिशेबास धरावा. म्हणजे १५५ चे १००. उतारावर ब्रेक लावतां मोटारच जनित्र बनते व थोडी वीज परत बॅटरींत भरते हें खरें. परंतु भरल्या गाडीनें कार्ल्याची खिंड चढतांना जी वीज खर्च होते, तिचा कांहीं भागच उतरतांना परत मिळतो.

भाराचें बंधनही तितकेंच महत्त्वाचें आहे. आंब्याच्या हंगामांत ज्या पिकअपमध्यें आपण टन-दीड टन माल सहज भरतों, तिची जागा ७५० किलोंची गाडी घेऊं शकत नाहीं. वीस-पंचवीस किलोंची एक पेटी धरली तर तींत तीसेक पेट्या जातील. त्याहून अधिक भरल्यास कायदा मोडतो तो मोडतोच. शिवाय पल्ला इतक्या वेगानें घटतो कीं चालकास घर गांठण्याची चिंता लागते.

अंतराचें गणित

आपापल्या घराचें अंतर पाहूं. अलिबागेहून रेवदंडा सुमारें १७ किलोमीटर, पेण सुमारें ३० व मुरूड सुमारें ५० किलोमीटर आहे. कार्लें, खंडाळें, नेहुली येथील पांढरा कांदा (याला २०२१ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें) अलिबागच्या बाजारीं न्यावयाचा. नागांवचे नारळ, चौलची सुपारी, वालाचीं पोतीं जवळच्या व्यापाऱ्याकडे पोंचवावयाचीं. पाहुण्यांची राहण्याची सोय असलेल्या घरास रोज भाजी, दूध, गॅसचीं नळकांडीं आणावयाचीं. हीं सर्व कामें शंभर किलोमीटरांच्या आंत येतात. येथें विजेची गाडी निःशंक चालते.

वाशीच्या घाऊक बाजाराचें तसें नाहीं. अलिबागेहून तेथवर सुमारें ९० किलोमीटर, म्हणजे जातां-येतां १८० किलोमीटर झाले. भरल्या गाडीस वाटेंत किंवा वाशीस वीज भरल्याखेरीज ही फेरी पुरी होणार नाहीं. पहांटेच्या लिलावास माल लागला पाहिजे, अशा वेळीं चार्जिंगच्या ठिकाणीं दुसरी गाडी आधीं लागलेली असली तर भाव हातचा जातो. श्रीवर्धन व दिवेआगर येथून तर वाशी दीडशें किलोमीटरांहून अधिक असून म्हसळ्याकडील घाटही मध्यें पडतात. या घरांनीं मुंबईच्या फेरीसाठीं लहान विजेचा टेम्पो घेणें हें आजच्या स्थितींत व्यवहारास धरून नाहीं. वर्षांतून पंधरा-वीस फेऱ्याच वाशीच्या असतील, तर त्या भाड्याच्या मोठ्या गाडीनें कराव्या आणि घरची गाडी घरच्या कामास ठेवावी.

रुपया-आण्यांचा हिशेब

आतां मुख्य हिशेब. पेट्रोलचा भाव लिटरास १०४ रुपये व लिटरामागें १८ किलोमीटर धरले, तर किलोमीटरास सुमारें ५ रुपये ८० पैसे पडतात. विजेच्या गाडीस शंभर किलोमीटरांना १४.४ युनिटें लागतात. पण बॅटरी भरतांना कांहीं वीज उष्णतेंत वायां जाते, म्हणून मीटरवर साडेसोळा युनिटें पडतील असें धरूं. घरचा दर युनिटास १० रुपये मानला, तर किलोमीटरास १ रुपया ६५ पैसे होतात. म्हणजे दर किलोमीटरीं ठोकळ मानानें चार रुपये वांचतात. वाचकांनीं येथें आपल्या वीजबिलांतील दर घालावा. मोठ्या कुटुंबाचा वापर वरच्या टप्प्यांत जात असल्यास दर दहाहून अधिक निघेल. दर एक रुपयानें वाढला कीं किलोमीटरी खर्च सुमारें साडेसोळा पैशांनीं वाढतो. बाहेरील चार्जिंगवर युनिटास वीस रुपये पडले तर बचत अडीच रुपयांवर येते. तात्पर्य, ज्यास घरीं वीज भरतां येत नाहीं, त्यानें या प्रकरणांत पडूं नये.

किंमतींतील फरक प्रथम २.५१ लाखांचा होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तेलावर चालणाऱ्या मालवाहू गाड्यांवरील जी. एस. टी. २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. विजेच्या गाड्यांवरचा पूर्वींपासूनच ५ टक्के होता, तो तसाच राहिला. त्यामुळें पेट्रोलची गाडी सुमारें तीस हजारांनीं स्वस्त होऊन फरक २.८० लाखांच्या आसपास गेला. हे २.८० लाख दर किलोमीटरीं चार रुपयांनीं फेडावयाचे, म्हणजे ७०,००० किलोमीटर धांवलें पाहिजे. यावर दरसाल दहा टक्के व्याज धरून तीन घरांचे हिशेब मांडूं.

पहिलें घर वर्षाचे तीनशें दिवस रोज ८० किलोमीटर गाडी चालवितें. वर्षाचे २४,००० किलोमीटर झाले. बचत ९६,००० रुपये. व्याजासह जादा किंमत साडेतीन वर्षांच्या आसपास फिटते, व त्यापुढील बचत घराची. दुसरें घर वर्षास १६,००० किलोमीटर चालवितें. बचत ६४,००० रुपये, आणि रक्कम फिटण्यास सहा वर्षें. तिसरें घर केवळ कांदा, आंबा व सुपारी यांच्या हंगामांत शंभर दिवस गाडी काढतें. वर्षास ८,००० किलोमीटर. त्याची बचत ३२,००० रुपये आणि पहिल्या वर्षाचें व्याजच २८,००० रुपये. या घराचे पैसे गाडीच्या आयुष्यांत फिटतील अशी आशा धरण्यांत अर्थ नाहीं. किनाऱ्यावरील पुष्कळ बागाईतदार घरें या तिसऱ्या प्रकारांत मोडतात, हें कटु असलें तरी सांगितलेंच पाहिजे.

बॅटरी हा दुसरा मुद्दा. २०१० सालीं अशा बॅटरीचा जागतिक सरासरी भाव युनिटामागें हजार डॉलरांहून अधिक होता. २०२४ सालीं तो ११५ डॉलरांवर आला. तरीही हमी संपल्यावर नवी घालावी लागल्यास लाखाच्या वरचा आंकडा निघणार. हमी वर्षें किंवा किलोमीटर यांपैकीं जें आधीं पुरें होईल त्याप्रमाणें संपते, हें कागदावर नीट वाचून घ्यावें. इंजिनाचें तेल, गाळण्या, क्लच यांवरील जो खर्च वांचतो तो उधळून न टाकतां किलोमीटरामागें एक रुपया या मानानें बॅटरीच्या नांवें निराळा काढून ठेवावा.

घरची वीज

चौदा युनिटांची बॅटरी साध्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर सहा-एक तासांत भरते. म्हणजे रात्रीं लावलेली गाडी पहांटे तयार. परंतु आपल्या जुन्या घरांतील तारा एका दिव्यासाठीं व पंख्यासाठीं ओढलेल्या असतात. त्यांवर तासन् तास तीन किलोवॅटचा भार टाकणें म्हणजे माडीच्या लाकडास आग लावण्याची सोय करणें होय. मीटरपासून गाडीच्या जागेपर्यंत निराळी जाड तार, चांगलें अर्थिंग व भार तोडणारें बटण या तिन्ही गोष्टी जाणत्या तंत्रज्ञाकडून करून घ्याव्या, आणि मंजूर भार वाढविण्याचा अर्ज महावितरणकडे आधींच करावा.

एक मोह आवर्जून टाळला पाहिजे. वाडीच्या पंपास शेतीच्या दरानें वीज मिळते. त्याच जोडणीवर गाडी भरावी असें कोणासही सुचेल. मंजूर कामाहून निराळ्या कामास वीज वापरणें हा २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ प्रमाणें अनधिकृत वापर ठरतो, व त्याची दंडासह वसुली होते. चार रुपयांच्या बचतीसाठीं घराची अब्रू पणास लावूं नये.

छपरावर सौर पत्रे बसविण्याचा मार्ग सरळ आहे. फेब्रुवारी २०२४ मध्यें सुरू झालेल्या 'सूर्यघर' योजनेंत तीन किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपयांपर्यंत साहाय्य ठरलें. असा संच चांगल्या उन्हांत दिवसास बारा-एक युनिटें देतो. पावसाळ्याचे चार महिने हें मान बरेंच उतरतें, हें कोंकणांत राहणारास सांगावयास नकोच.

वादळ, पाऊस आणि खारा वारा

काकांची शंका येथें खरी ठरते. 'निसर्ग' वादळांत विजेचे खांब शेंकड्यांनीं कोसळले आणि आडबाजूच्या कित्येक गांवांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. अशा वेळीं विजेची गाडी पहिल्या दोन दिवसांनंतर अंगणांतील शोभेची वस्तु होते. छपरावर सौर संच आहे म्हणून निश्चिंत राहूं नये; साधा संच बाहेरची वीज गेली कीं सुरक्षिततेसाठीं आपणहून बंद पडतो. पेट्रोलपंपासही वीज लागते हें खरें, पण तेथें जनित्र असतें, आणि तेल डब्यांतून आणतां येतें. म्हणून घरांत दुसरें तेलावरचें वाहन असेल त्यानेंच विजेचा टेम्पो घ्यावा. एकुलतें एक वाहन विजेचें असूं नये. वादळाची सूचना मिळतांच दिवे जाण्यापूर्वीं बॅटरी पूर्ण भरून ठेवावी.

खाऱ्या वाऱ्यानें पत्रा गंजतो तो सर्वच गाड्यांचा. विजेच्या गाडींत तारांचीं जोडकामें व चार्जिंगचें तोंड यांचीही काळजी घ्यावी लागते. गाडी समुद्राकडे तोंड करून उघड्यावर न ठेवतां छपराखालीं ठेवणें, गोड्या पाण्यानें तळ धुणें आणि भरतीच्या पाण्यांतून ती कधींही न नेणें, एवढे नियम घरांतील प्रत्येक चालकास ठाऊक असावे.

सरकारी सवलती

सवलतींविषयीं बऱ्याच गैरसमजुती आहेत. केंद्राची 'पीएम ई-ड्राइव्ह' योजना १ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झाली; तींत साडेतीन टनांवरील मालमोटारींस साहाय्य ठेवलें आहे, लहान टेम्पोस नाहीं. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणांत विजेच्या वाहनांस मोटार-कराची माफी आहे व मालवाहू वाहनांच्या किंमतींतही कांहीं सूट ठेवली आहे. ती बिलांतच कापून मिळते कीं मागाहून, हें सौदा करण्यापूर्वीं विचारावें. अटल सेतूवर विजेच्या गाड्यांस टोल माफ झाला, पण ती माफी उतारूंच्या मोटारी व बस यांपुरती आहे. माल नेणाऱ्या गाडीस नाहीं. टेम्पो हें नोंदणीनें मालवाहू वाहन असल्यामुळें विमा व योग्यतेचा दाखला त्या वर्गाप्रमाणें लागतो. लग्नकार्यास मागें सतरंजी टाकून घरची माणसें न्यावीं असा बेत कोणी केला तर अपघातप्रसंगीं विमा हात वर करील.

एकत्र कुटुंब आणि एक गाडी

वरील सर्व विवेचनांतून एक गोष्ट निघते. गाडी जितकी अधिक धांवेल तितकी ती परवडते. एका घरच्या वाडीस वर्षाचे ८,००० किलोमीटर होत असतील, पण शेजारच्या दोन घरांचे तितकेच होत असतील तर तिघांचे मिळून २४,००० होतात, आणि न परवडणारी गाडी परवडणारी ठरते. आपल्याकडे विहिरीचें पाणी पाळीनें घेण्याची रीत पिढ्यान् पिढ्या आहे. गाडीस ती लावण्यास हरकत कोणती? मात्र तिघांचाही हंगाम एकाच महिन्यांत येतो, म्हणून पाळी आधींच लिहून ठेवावी. दुसरा उपाय म्हणजे हंगामाबाहेर गाडी भाड्यानें चालविणें. दुकानांचा माल, बांधकामाचें किरकोळ सामान, पाहुण्यांच्या घरांचा बाजार हें काम बाराही महिने असतें.

भागीदारी घरांतल्या घरांत असली तरी कागद करावा. सामायिक पैशांनीं घेतलेली गाडी एकाच भावाच्या नांवें नोंदली जाते आणि दहा वर्षांनीं वाटणीच्या वेळीं तीच कज्जाचें मूळ होते. कोणी किती पैसे घातले, किलोमीटरास काय दर द्यावयाचा, बॅटरीचें खातें कोणाकडे, हें एका वहींत लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्या. गाडींत एक छोटी वही ठेवून प्रत्येक फेरीचे आंकडे लिहिण्याचें काम, ज्यांचा हात हिशेबास वळलेला आहे अशा घरांतील सुनेकडे किंवा मुलीकडे द्यावें. आणि चालविण्याचेंही द्यावें. या गाडींत गियर बदलण्याची खटपट नसल्यामुळें ती शिकण्यास सोपी आहे, आणि बाजारासाठीं दरवेळीं कोणा पुरुषाची वाट पाहणें संपेल.

गाडी ठरविण्यापूर्वीं एक महिना असा काढावा कीं सध्यांच्या पिकअपच्या प्रत्येक फेरीचें अंतर, भार व तेल टिपून ठेवावें, आणि हंगामाच्या महिन्यांचा अंदाज त्यांत जोडावा. वर्षाची बेरीज १६,००० किलोमीटरांच्या वर जात असेल, बहुतेक फेऱ्या शंभर किलोमीटरांच्या आंत असतील, घरीं भरण्याची पक्की सोय होत असेल आणि दारांत तेलावरचें दुसरें वाहन असेल, तर पुतण्याचें ऐकावें व विजेचा टेम्पो आणावा. यांपैकीं एकही गोष्ट नसेल, तर जुनीच गाडी दुरुस्त करून आणखी दोन-तीन वर्षें चालवावी. बॅटऱ्यांचे भाव उतरत आहेत. थांबणाराचें येथें नुकसान नाहीं. घाईनें घेतलेल्या कर्जाचे हप्ते मात्र वादळ आलें म्हणून थांबत नाहींत.